त्रेसष्ट दातांचा गिअर

परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र आहे. इंग्रजी बनावटीचा, पट्ट्यावर चालणारा, माझ्यापेक्षा वयाने मोठा. लीड स्क्रू (आटे काढताना टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) एका इंचात ८ आट्यांचा, म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ३.१७५ मिमी. लेथ घेतला तेव्हा सोबत चेंज गिअरची (जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलच्या एका फेऱ्यात लीड स्क्रू किती फिरावा ते ठरवणाऱ्या बदलत्या गिअरांची) एक लाकडी पेटी आली: २० दातांचे दोन, मग २५, ३०, ३५, ३८, ४०, ४५, ५०, ५५ आणि ६० चा एकेक. त्यापुढचे गिअर मधल्या कुठल्या तरी मालकाने गमावलेले, पेटीत त्यांच्या खुंट्या तेवढ्या उभ्या आहेत.

ऐन उन्हाळ्यात ओळखीचा एक रसवंतीवाला चरकाचा स्क्रू घेऊन आला. लाटांवरचा दाब कमी-जास्त करायचा तो स्क्रू. सोळा मिलीचा, २ मिमी पिच, आणि आटे डावे. आटे पार गुळगुळीत झाले होते, पण त्याचा नट पितळेचा, पन्नास मिमी लांब आणि अजून ठणठणीत. उजव्या आट्यांचा असता तर हार्डवेअरच्या दुकानातून थ्रेडेड रॉड आणून कापून दिला असता. डाव्या आट्यांचा सोळाचा डाय (हाताने आटे पाडायचं हत्यार) मात्र मला कुणाकडे मिळाला नाही. म्हणजे लेथवरच आटे काढणं आलं, आणि इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे काढणं आलं.

गणित साधं असतं. हवा असलेला पिच भागिले लीड स्क्रूचा पिच. २ ÷ ३.१७५ = ०.६२९९२. अपूर्णांकात मांडलं तर बरोबर ८०/१२७. हा १२७ कुठून येतो हे टर्नरला सांगावं लागत नाही: एक इंच म्हणजे २५.४ मिमी, त्याची पाचपट १२७. पूर्ण अचूक उत्तर हवं तर १२७ दातांचा गिअर लागतो. माझ्या लेथच्या दातांच्या मापात तो जवळपास १६४ मिमी व्यासाचा झाला असता, क्वाड्रंटवर (गिअर ज्यावर बसवतात त्या पट्टीवर) मावलाच नसता. शिवाय १२७ ही मूळ संख्या. दात कापताना त्याचे सारखे भाग पाडायला मोजणीची प्लेटही १२७ भोकांचीच हवी.

म्हणून जुने टर्नर ६३ चा गिअर ठेवायचे. ६३/१०० म्हणजे ०.६३. खऱ्या उत्तरापेक्षा १०,००० मध्ये सव्वा भाग जास्त. पन्नास मिमीच्या नटात हा फरक सहा मायक्रॉनच्या आसपास येतो, म्हणजे नसल्यातच जमा. पेटीतल्या गिअरांवर जमतंय का तेही पाहिलं होतं. सगळ्यांत जवळचं उत्तर २० आणि ५५ वर, ३५ आणि ५० खाली: ०.६२८५७. पिच १.९९५७ मिमी. दिसायला बरं, पण पन्नास मिमीत दहा शतांश मिमीहून जास्त मागे पडतं, आणि त्या लांब नटात स्क्रू मध्येच घट्ट झाला असता. तेव्हा ६३ चा गिअर घरीच पाडायचं ठरवलं. इथून पुढची हकीकत त्या गिअरच्या मापांची आहे, स्क्रू नुसतं निमित्त.

पहिलं माप

नवा गिअर पेटीतल्या ५० शी जुळायला हवा, म्हणजे आधी पेटीतले दात कुठल्या मापाचे ते कळायला हवं. गिअरांवर दातांच्या संख्येशिवाय काही कोरलेलं नाही. माप काढायची रीत सगळ्यांना ठाऊक असते: बाहेरचा व्यास भागिले (दात + २) म्हणजे मोड्यूल, दाताच्या आकाराचं माप. लेथवर तेव्हा २० चा गिअर चढवलेलाच होता. तोच काढला, फडक्याने पुसला आणि व्हर्निअर लावला. २७.५६ मिमी. भागिले २२. उत्तर १.२५२७.

मला इतका आनंद झाला की मी दुसरा गिअर हातातही घेतला नाही. १.२५ हे चालू मोड्यूल आहे, कटर सहज मिळतो, आणि दुसऱ्या दशांशापर्यंत जुळलेलं उत्तर बघून शंका कोणाला येणार? मी १.२५ मोड्यूलचा, २० अंशांचा (हा दाताच्या कडेचा तिरकेपणा), ५५ ते १३४ दातांसाठीचा कटर मागवला.

कटर मागवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एका मापाचे आठ कटर असतात, कारण कमी दातांच्या गिअरची खाच जास्त गोलसर असते आणि जास्त दातांच्या गिअरची सरळसर. पण त्यांचे नंबर मोड्यूलमध्ये आणि डीपीमध्ये (हे दातांचं इंची माप, पुढे येईलच) उलट चालतात. ५५ ते १३४ दातांचा कटर मोड्यूलच्या संचात सहसा ७ नंबरचा, डीपीच्या संचात २ नंबरचा. दुकानदाराला नंबर सांगू नये, दातांची रेंज सांगावी. ती कटरवर कोरलेलीही असते.

ब्लँक (ज्यावर दात पाडायचे ती कोरी चकती) बीडाचा घेतला. उद्यमनगरात ओतकामवाल्यांकडे बीडाचा गोल गट्टू मिळतो, त्यातलाच तुकडा. आधी बोअर (मधलं भोक), मग त्यातून घालायच्या दांड्यावर, म्हणजे मॅन्ड्रेलवर चढवून बाहेरचा व्यास. हा क्रम उलटा झाला तर बोअर आणि दात एका केंद्रावर राहत नाहीत आणि गिअर दर फेऱ्याला एकदा आवळतो, एकदा ढिला पडतो. बाहेरचा व्यास ६५ × १.२५ = ८१.२५ मिमी, खाचेची खोली २.२५ × १.२५ = २.८१ मिमी.

आता ६३ भाग पाडायचे. आधी शेजारच्या गाळ्यातून डिव्हायडिंग हेड (वर्तुळाचे सारखे भाग पाडायचं साधन) आणलं होतं, ४० ला १ चं, म्हणजे हँडलच्या ४० फेऱ्यांत जॉबचा एक फेरा. प्रत्येक दाताला हँडलचा ४०/६३ फेरा हवा, आणि ४० नि ६३ यांना सामाईक भाजक नाही. म्हणजे ६३ किंवा त्याच्या पटीतल्या भोकांची ओळ हवी. हेडसोबतच्या तीन प्लेटांत ती नव्हती, सगळ्यांत मोठी ओळ ४९ ची. ते हेड परत केलं. माझं छोटं रोटरी टेबल ९० ला १ चं आहे. ९० ÷ ६३ = १ पूर्णांक ३/७. सातच्या पटीतली कुठलीही ओळ चालते. २१ भोकांच्या ओळीवर एक पूर्ण फेरा आणि वर ९ भोकं. म्हणजे ज्या गिअरने भल्या मोठ्या हेडला दाद दिली नाही तो छोट्या टेबलावर सहज बसला. भाग पाडायचं काम हातात आलं की आधी ९० ने, ७२ ने आणि ४० ने भागून बघावं. कुठल्या दारी जायचं ते दोन मिनिटांत कळतं.

इथेही घसरलोच. पिन ज्या भोकात आहे ते भोक धरून मी ९ मोजली. ते सोडून मोजायची असतात. सेक्टर आर्मच्या (भोकं मोजायला प्लेटवर लावतात त्या) दोन पात्यांत पिनचं भोक धरून १० भोकं दिसायला हवीत. नशीब एवढंच की थेट कटर न लावता आधी टोकदार स्क्रायबरने ब्लँकच्या कडेवर नुसत्या रेघा मारत गेलो. त्रेसष्ट रेघा झाल्या आणि शेवटची नि पहिली यांच्यामध्ये ऐसपैस रान मोकळं. हिशेब केला: दर दाताला एक भोक कमी, ६३ दातांना ६३ भोकं, म्हणजे हँडलचे तीन फेरे, म्हणजे टेबलाचे १२ अंश. एका दाताची जागा सोडून अगदी तेवढीच फट होती. ब्लँक वाचला.

मग दात पाडले, संध्याकाळपर्यंत गिअर तयार. देखणा झाला होता. कडेचे बर कानसने काढले, कीवे (चावीची खाच) कापला, पॅराफिनमध्ये धुतला आणि बायकोला दाखवायला स्वयंपाकघरात घेऊन गेलो.

गुरगुर

रांग अशी लावली: स्पिंडलकडून ३० चा गिअर ६० ला फिरवतो. ६० च्याच दांड्यावर ६३, तो लीड स्क्रूवरच्या ५० ला फिरवतो. ३०/६० × ६३/५० = ०.६३. कागदावर २० आणि ४० घेऊनही तेच उत्तर येतं, पण मग मधला दांडा स्पिंडलकडच्या गिअरच्या मध्यापासून ३८ मिमीवर येतो, आणि ६३ च्या गिअरची त्रिज्याच त्याहून मोठी. तो थेट वरच्या गिअरच्या नटावर घासतो. रांग ठरवताना गुणोत्तर पाहून भागत नाही, जागाही बघावी लागते.

लेथ चालू केला आणि शेजारच्या बिऱ्हाडाची खिडकी उघडली. गुरगुर म्हणावी की किंचाळी, दोन्हींच्या मधलं काही तरी. ६० आणि ३० गप्प चालले होते, आवाज ६३ आणि ५० मध्ये होता. क्वाड्रंट सैल करून गिअर लांब सरकवला की आवाज मऊ होई पण खडखड सुरू होई, जवळ घेतला की हँडल हाताने फिरवताना सुद्धा दर दाताला अडखळे. ग्रीस थापलं. ग्रीसने दहा मिनिटं धीर दिला.

गंमत अशी की भंगारातल्या सळईवर आटे काढून पाहिले तर पिच बरोबर. बरोबरच येणार. दाताचं माप कितीही चुकीचं असलं तरी ६३ दात ५० दातांना ढकलतात तेव्हा फेऱ्यांचं गुणोत्तर ६३/५० च राहतं. पण आट्यांच्या कडेवर बोट फिरवलं तर बारीक लहरी हाताला लागत होत्या. दर दात पकडताना बसणारा हिसका टूल धरणाऱ्या कॅरेजपर्यंत पोचत होता.

मी दोन दिवस दोष रोटरी टेबलात शोधत बसलो. भाग चुकले असतील, टेबलाच्या वर्म गिअरला बॅकलॅश, म्हणजे ढील असेल, मॅन्ड्रेल वाकडा असेल. डायल गेज लावून सगळं तपासलं, काहीच सापडलं नाही.

पाच आणि सहा

आमच्या गल्लीत एक मामा आहेत. उमर गिअर कटिंगच्या गाळ्यात गेली, आता निवृत्त. गिअर घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो उजेडात धरला, दातांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "कुठल्या कटरनं पाडलास?"

"सव्वा मोड्यूल, मामा."

"आणि लेथ कुठला?"

"इंग्लिश."

"मग इंग्लिश लेथाला मोड्यूल कुठनं आलं रं?" म्हणाले. "पेटीतला सगळ्यात मोठा गिअर आण. लहान न्हाई, मोठा."

६० चा गिअर नेला. मामांनी आधी बाहेरचा व्यास घेतला: ७८.६२. भागिले ६२. उत्तर १.२६८. माझं १.२५ कुठल्या कुठे गेलं.

इंग्रजी यंत्रांत मोड्यूल नसतं, डीपी असतो: पिच सर्कलच्या (दातांच्या साधारण मध्यातून जाणाऱ्या कल्पित वर्तुळाच्या) व्यासात दर इंचाला किती दात. २५.४ भागिले डीपी केलं की मोड्यूल मिळतं. २० डीपी म्हणजे १.२७ मोड्यूल. १.२५ आणि १.२७ मध्ये शेकडा दीडचा फरक, आणि तो फरक मी एका झिजलेल्या लहान गिअरवरून शोधायला गेलो होतो. २० डीपीचा २० दातांचा गिअर नवा असताना २२ ÷ २० = १.१ इंच, म्हणजे २७.९४ मिमी असतो. माझा २७.५६ भरला. कुणी तरी टोकं कानसलेली, वर इतक्या वर्षांची झीज. अडतीस शतांशांची ही उणीव २२ ने भागली की उत्तरात पावणेदोन शतांश शिरतात, आणि १.२७ चं बरोबर १.२५ होतं. ६० च्या गिअरवर तीच उणीव ६२ ने भागली जाते, त्यामुळे तिथे ती निम्म्याहून कमी बोचते. शिवाय मोठा गिअर कमी फेरे फिरतो, त्यामुळे झिजतोही कमी. १० डीपी आणि २.५ मोड्यूल ही अशीच फसवी जोडी, फरक तोच.

तरी मामा इथे थांबले नाहीत. व्यासावरून दाताचं माप कळतं, दाताची कड किती तिरकी आहे ते कळत नाही. जुन्या गिअरांत प्रेशर अँगल १४½ अंश असायचा, नंतर २० अंश रूढ झाला. मामांनी व्हर्निअरच्या जबड्यांत पाच दात धरले, जबडे किंचित डोलवले आणि वाचलं: १७.७०. मग सहा दात: २१.५६. "वजा कर," म्हणाले.

३.८६.

इनव्होल्यूट दातांचा (गिअरांच्या नेहमीच्या वक्र कडांच्या दातांचा) एक गुण आहे. जबड्यांच्या सपाट कडा दातांच्या कडांना टेकल्या की व्हर्निअर थोडा इकडे-तिकडे कलला तरी माप तेच राहतं. सहा दातांच्या मापातून पाच दातांचं वजा केलं की उरतो तो बेस पिच. टोकं कानसलेली असोत, कडा झिजलेल्या असोत, दोन्ही मापांत झीज सारखीच असते आणि वजाबाकीत निघून जाते. बेस पिच म्हणजे ३.१४१६ × मोड्यूल × अँगलचा कोसाइन. शक्यता चारच होत्या, त्या मामांच्या घरच्या कॅलेंडरच्या पाठीवर मांडल्या:

१.२५ मोड्यूल, २० अंश: ३.६९ मिमी
२० डीपी, २० अंश: ३.७५ मिमी
१.२५ मोड्यूल, १४½ अंश: ३.८० मिमी
२० डीपी, १४½ अंश: ३.८६ मिमी

दोन शतांश वाचणाऱ्या साध्या व्हर्निअरवर हे चारही आकडे वेगळे ओळखू येतात. पेटी २० डीपी, १४½ अंशांची होती.

गुरगुरीचा उलगडाही इथेच झाला. पिच सर्कलवर मोजलं तर माझ्या दातांचा पिच ३.९३ आणि पेटीतल्यांचा ३.९९, फरक सहा शतांश. एवढ्याने इतका कल्लोळ व्हायला नको असं मलाही वाटत होतं. पण एक दात सुटून दुसरा पकडताना हिशेब बेस पिचचा असतो. तिथे ३.६९ विरुद्ध ३.८६, सतरा शतांशांचा फरक. दर दाताला सतरा शतांशांची ठेच. माप चुकलं आणि अँगलही चुकला, दोन्ही चुका एकाच दिशेला.

दुसरा गिअर

२० डीपीचा १४½ अंशांचा कटर मिळायला वेळ लागला असता, आणि रसवंतीवाला रोज फोन करत होता. म्हणून एकदाती फ्लाय कटर घासायचं ठरलं. आठ मिमीचा हायस्पीड टूल बिट घेतला आणि साचा म्हणून पेटीतला ६० चा गिअर. एकच कटर ५५ पासून १३४ दातांपर्यंत चालवतात, तर ६० च्या खाचेवरून घासलेलं टूल ६३ ला चालायला काहीच हरकत नाही. फक्त कमी झिजलेली खाच निवडायची. मी प्रत्येक खाच उजेडात पाहून त्यातल्या त्यात बऱ्या चारांना खडूने खूण केली.

घासायला एक पूर्ण सकाळ गेली. बिटच्या टोकाला निळ्या मार्करचा रंग द्यायचा, खाचेत बसवायचा, मागे टॉर्च धरायचा. जिथून उजेड येतो तिथे बिट कमी, जिथे रंग खरवडला जातो तिथे जास्त. ग्राइंडरवर दोन ठिणग्यांइतकं लावायचं, परत रंग. मग उरलेलं ऑइल स्टोनवर. शेवटी दोन्ही बाजूंनी उजेडाची केसाएवढी सारखी रेघ राहिली, तिथे थांबलो. खालून क्लिअरन्स द्यायला विसरायचं नाही, आणि तो देताना पुढची धार हलू द्यायची नाही. हे सांगायला सोपं आहे. माझा पहिला बिट त्यातच गेला.

टूल ब्लँकच्या बरोबर मध्यावर नसेल तर सगळे दात एका अंगाला झुकतात. त्यासाठी भंगारातली एक चकती मॅन्ड्रेलवर लावून तिला एक खाच पाडली, चकती काढून उलटी बसवली आणि टूल त्याच खाचेत दोन्ही कडांना सारखं टेकतं का ते पाहिलं. एका कडेला आधी टेकत होतं. टेबल फरकाच्या निम्म्याने सरकवलं, नवी खाच पाडून पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी जुळलं.

आता मापं इंचांत मांडली, कारण डीपीचं गणित इंचांतच सरळ येतं. बाहेरचा व्यास (६३ + २) ÷ २० = ३.२५० इंच, म्हणजे ८२.५५ मिमी. आधीच्या ब्लँकपेक्षा १.३ मिमी मोठा, त्यामुळे जुना गिअर छाटून वापरायचा प्रश्नच नव्हता. खोली १४½ अंशांच्या जुन्या पद्धतीत २.१५७ ÷ २० = ०.१०७८५ इंच, म्हणजे २.७४ मिमी.

पण घरी घासलेल्या टूलसाठी खोलीचा हा आकडा शेवटचा मानायचा नाही. टूल केसभर जाड किंवा बारीक असतंच, आणि खोली बरोबर असूनही दात जाड राहतो किंवा बारीक होतो. म्हणून शेवटचं माप दातांवरूनच घ्यायचं. ६३ दातांच्या गिअरला सहा दातांवरचं माप किती यायला हवं ते काढलं: २१.६७ मिमी. पेटीतल्या ६० च्या गिअरचं तेच माप कागदावर २१.६५ आणि प्रत्यक्षात २१.५६, म्हणजे मूळ कारखान्याने सोडलेली ढील आणि झीज मिळून नऊ शतांश. मी नव्या गिअरला सात शतांशांची ढील द्यायचं ठरवलं. हवं माप २१.६०.

सहा दात मोकळे व्हायला सात खाचा पाडाव्या लागतात. सात खाचा २.५० खोलीपर्यंत नेल्या, व्हर्निअर लावला: २१.७४. अजून चौदा शतांश उतरवायचे. इथे १४½ अंशांचा एक फायदा आहे. खोली वाढवली की सहा दातांवरचं माप खोलीच्या दुप्पट गुणिले अँगलच्या साइनइतकं उतरतं, आणि १४½ अंशांचा साइन जवळजवळ बरोबर पाव असतो. म्हणजे खोली जेवढी वाढवाल त्याच्या निम्म्याने माप उतरतं. चौदा शतांशांसाठी अठ्ठावीस शतांश खोली. २.५० ची २.७८ केली. माप २१.६०. कागदावरच्या खोलीपेक्षा चार शतांश जास्त निघालं.

पुढच्या छप्पन्न खाचा म्हणजे नुसता संयम. एकदाती टूल, बीड, मिनिटाला सव्वाशे फेरे. प्रत्येक खाच दोन घावांत. एक फेरा, नऊ भोकं, टेबल लॉक, घाव, लॉक सैल. लॉक विसरला की दात गेला, म्हणून मी हँडलवर दोरी बांधली होती, लॉक सैल केल्याशिवाय ती सुटायचीच नाही. पहिल्या खाचेला लाल खूण होती. बासष्टावी झाली तेव्हा हात थोडा थरथरत होता. त्रेसष्टावी झाली, चौसष्टाव्या वेळी टूल लाल खुणेच्या खाचेत काहीही न कापता शिरलं आणि बाहेर आलं.

गिअर चढवला. ६३ आणि ५० च्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून क्वाड्रंट आवळला, पट्टी फिरवून काढून घेतली. लेथ चालू केला. रांगेतला आवाज आता सगळ्यांचा मिळून एकच होता, तोही पट्ट्याच्या आवाजाखाली दबलेला. मध्याची अंतरंही कागदाशी जुळली: (६३ + ५०) ÷ ४० = २.८२५ इंच, म्हणजे ७१.७५ मिमी. आधीच्या गिअरच्या वेळी ही एवढीशी तपासणी केली असती तर दोन दिवस वाचले असते.

स्क्रूचे डावे आटे काढले. पंचवीस आटे व्हर्निअरवर ५०.०० भरले. पितळेचा नट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी फिरला, कुठेही आवळला नाही. रसवंतीवाला त्याच संध्याकाळी घेऊन गेला, पैसे दिले आणि वर एक मोठा लोटा रस.

तो रस घेऊन मामांकडे गेलो. गिअरही नेला होता, कौतुक करून घ्यायला. मामांनी सहा दात मोजले, मान हलवली, रस प्यायले. मग विचारलं, "पेटीत ३५ आणि ४५ हाईत न्हवं?"

"आहेत की."

"आणि ५० एकच?"

"एकच."

"मग दुसरा ५० पाडायचा हुता. ३५ नि ४५ वर, दोन ५० खाली. किती हुतंय?"

मी बोटांवर केलं. पस्तीस पंचेचाळीस पंधराशे पंचाहत्तर, भागिले पंचवीसशे. ०.६३. तेच उत्तर. आणि ५० दातांना शेजारच्या गाळ्यातलं हेडही चाललं असतं: ४०/५० म्हणजे २० च्या ओळीवर १६ भोकं. ब्लँक लहान, तेरा खाचा कमी.

मी म्हटलं, ६३ चा गिअर असला की ३ मिमीचे आटेही निघतात, ४५ आणि ६३ वर, ५० आणि ६० खाली. दुसऱ्या ५० ने ते जमलं नसतं.

"३ मिलीचं आटं आजवर कधी काढलास?" मामांनी लोटा खाली ठेवत विचारलं.

नव्हते काढले.